साध्या फोटोवरून तसबीर: कोणता फोटो आणावा, त्यावर काय काम होतं आणि काय होऊ शकत नाही

घरातल्या मोठ्या माणसाचा भिंतीवर लावण्याजोगा फोटो बहुतेक वेळा मुद्दाम काढलेला नसतोच. असतो तो लग्नातला, बारशातला, नाहीतर अंगणात खुर्ची टाकून बसलेले असताना नातवंडाने मोबाईलवर टिपलेला. मागे दोरीवर कपडे, खांद्यावर दुसऱ्याचा हात, चेहऱ्यावर ट्यूबलाइटचा हिरवट उजेड. अशा फोटोवरून चांगली तसबीर होऊ शकते. फक्त पहिल्या दिवशी योग्य फाइल हाताशी असावी लागते आणि कामाच्या शेवटी माणूस तोच राहावा लागतो. आमचं बहुतेक काम या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

फाइल कशी पाठवावी

व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि वर जेपेगचं (फोटो साठवायच्या नेहमीच्या पद्धतीचं) दाबणंही होतं. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातले बारकावे कमी करतं. फोटो जितक्या वेळा पुढे पाठवला जातो, तितके हे चौकोन गालावर आणि कपाळावर उठून दिसू लागतात. स्क्रीनशॉट तर त्याहून वाईट. म्हणून ज्याच्या मोबाईलवर फोटो काढला, त्याच्याकडूनच मूळ फाइल मागवा. व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर गॅलरीतून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. तशी ती जशीच्या तशी येते. ईमेल, ड्राइव्हची लिंक किंवा पेनड्राइव्हही चालेल.

हे किती महत्त्वाचं आहे ते एका हिशेबाने कळेल. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा असतो. त्यात एका रांगेत दहा माणसं उभी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला रुंदीत ४०० पिक्सेल येतात आणि चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जेमतेम १८० ते २०० पिक्सेलचा भरतो. तोच फोटो व्हॉट्सअॅपवरून आला तर चेहरा ८० पिक्सेलच्या आत. ८ गुणिले १० इंचांच्या तसबिरीत चेहरा सुमारे ३ इंच उंच असतो आणि छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ९०० पिक्सेल लागतात. ८० चे ९०० करताना मधले सगळे पिक्सेल कोणीतरी अंदाजाने भरायचे असतात. तिथेच माणूस बदलतो.

९०० हा आदर्श आकडा झाला, व्यवहारात त्याहून कमीतही भागतं. आमचा अंदाज असा. चेहरा ६०० पिक्सेल किंवा जास्त असेल तर १२ गुणिले १८ ची तसबीर निर्धास्त करावी. ३०० ते ६०० असेल तर ८ गुणिले १०. १५० ते ३०० मध्ये ५ गुणिले ७ पर्यंत, तीही किंचित मऊ दिसेल हे धरून. त्याखाली असेल तर दुसरा फोटो शोधा असंच आम्ही सांगतो. पैसे घेऊन मोठं करून देणं सोपं आहे, पण वर्षभर भिंतीवर बघायचं तुम्हाला असतं.

जुना छापील फोटो असेल तर तो मोबाईलने टिपून पाठवण्यापेक्षा इथे आणा. आम्ही ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करतो. ४ गुणिले ६ इंचांच्या फोटोची त्यातून २४०० गुणिले ३६०० पिक्सेलची फाइल मिळते. काचेला चिकटलेला फोटो मात्र सोडवायला जाऊ नका. पावसाळ्यातल्या दमटपणाने फोटोवरचा थर काचेला धरून बसतो आणि ओढला की नेमका चेहराच काचेवर राहतो. फ्रेमसकट आणा, आम्ही काचेसकट स्कॅन करतो.

मुख्य फोटोबरोबर त्याच माणसाचे आणखी तीन-चार फोटो द्या, कितीही साधे असले तरी. चष्म्यावर उजेड चमकून एक डोळा झाकला असेल, कोणाचा तरी हात खांद्यावर आला असेल, कान फेट्याखाली गेला असेल, तर खरा डोळा, खरा खांदा, खरा कान कुठूनतरी घ्यावा लागतो.

फोटो उलटा तर नाही ना

काम सुरू करण्याआधी आम्ही हे पाहतो आणि तुम्हीही पाहा. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेली सेल्फी काही फोन आरशासारखी उलटी साठवतात. जुन्या निगेटिव्हही कधी उलट्या छापल्या गेलेल्या असतात. नथ डाव्या नाकपुडीत असते, शर्टाचा खिसा घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो. फोटोत ते त्या माणसाच्या उजव्या बाजूला, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे, गेले असतील तर फोटो उलटा आहे. भांग, गालावरचा तीळ, किंचित तिरकं हसू हे सगळं बाजू बदलतं. मग घरचे म्हणतात, ‘काहीतरी वेगळं वाटतंय’, पण काय ते कोणालाच सांगता येत नाही.

रंग आधी, चेहरा नंतर

मांडवात काढलेल्या फोटोत मांडवाच्या गुलाबी किंवा पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड चेहऱ्याच्या एका बाजूला पडलेला असतो. संपूर्ण फोटोचा रंग एकदम सुधारला तर ती बाजू बरी होते आणि दुसरी निळसर पडते. म्हणून रंगाचा वेगळा लेयर (फोटोवरचा स्वतंत्र थर) करून, मास्क लावून, म्हणजे बाकीचा भाग झाकून, फक्त त्या बाजूवर काम करावं लागतं. ट्यूबलाइटखालच्या फोटोत सगळीकडून हिरवं कमी करावं लागतं. ते त्यामानाने सोपं.

पांढऱ्याचा संदर्भ घ्यायला टोपी किंवा सदरा सोयीचा वाटतो, पण त्यात एक फसवणूक आहे. आपल्याकडे पांढऱ्या कपड्याला नीळ देतात. तो कपडा मुळातच निळसर पांढरा असतो. त्यालाच शुद्ध पांढरा मानून रंग लावला तर चेहरा पिवळा पडतो, कावीळ झाल्यासारखा. म्हणून टोपीवरून सुरुवात केली तरी शेवटचा निर्णय चेहऱ्यावरून घ्यायचा. सावळा रंग सावळाच ठेवायचा. ‘जरा उजळ करा’ असं बऱ्याचदा सांगितलं जातं. आम्ही उजेड वाढवतो, कातडीचा रंग बदलत नाही. अंधारात बुडालेला चेहरा वर काढणं आणि माणूस गोरा करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

त्वचेवरचा लालसरपणा कमी करताना कुंकू आधी मास्कने झाकून ठेवावं लागतं, नाहीतर तेही विटकरी होऊन बसतं. पानाने रंगलेले ओठ असतील तर तेही.

काय काढायचं, काय ठेवायचं

आमचा नियम साधा आहे. आठवड्याभरात आपोआप गेलं असतं ते काढायचं: घाम, पुटकुळी, डास चावल्याची खूण, जागरणाचा लालसरपणा, शर्टावरचा डाग. जे वर्षानुवर्षं चेहऱ्यावर होतं ते ठेवायचं: सुरकुत्या, तीळ, जुना व्रण, कपाळावरचं गोंदण, टोपीच्या कडेने कपाळावर पडलेली रेघ. त्यातलं काही काढायचं असेल तर घरच्यांनी तसं स्पष्ट सांगावं.

सुरकुत्या ठेवायच्या म्हणजे जशाच्या तशा नव्हेत. वरून पडलेल्या कडक उन्हात प्रत्येक सुरकुतीची सावली दुप्पट गडद पडते आणि माणूस होता त्यापेक्षा दहा वर्षं म्हातारा दिसतो. इथे आम्ही त्वचेचा पोत एका लेयरवर आणि रंगछटा दुसऱ्या लेयरवर वेगळी करतो. चेहरा १००० पिक्सेलचा असेल तर खालचा, रंगछटेचा लेयर ५ ते ८ पिक्सेल त्रिज्येने धूसर केलेला पुरतो. त्यावरच्या डागाळ सावल्या सम करायच्या, पोत जवळजवळ हातही न लावता ठेवायचा. त्रिज्या मोठी घेतली किंवा एकदम सगळीकडे धूसर ब्रश फिरवला की चेहरा मेणाचा होतो. मोबाईलवरची ‘ब्यूटी’ अॅप नेमकं हेच करतात.

उरलेलं काम उजेड-सावलीचं. ५० टक्के राखाडी रंगाचा लेयर ‘सॉफ्ट लाइट’ या मिसळण्याच्या पद्धतीत ठेवून, ब्रशचा फ्लो (रंग उतरण्याचं प्रमाण) ३ ते ५ टक्के इतकाच घेऊन, डोळ्यांखालची सावली थोडी हलकी करायची, गालाच्या बाहेरच्या कडेला थोडी गडद. शंभर हलके हात मारायचे, एक जड नाही. या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो दिसत नाही. दिसला तर बिघडलं समजावं.

डोळ्यांचा पांढरा भाग पूर्ण पांढरा करत नाही. वय झालेल्या डोळ्यात किंचित पिवळट-गुलाबी छटा असतेच. बुबुळातला उजेडाचा ठिपका मात्र जपतो. तो नसेल तर डोळा विझलेला वाटतो. तो वर डावीकडे असेल तर उजेड त्या बाजूने आला आहे, आणि पुढे पार्श्वभूमी रंगवताना तीच दिशा पाळावी लागते.

एआयने ‘स्वच्छ’ केलेले चेहरे

बरेच जण अॅपमधून फोटो आधीच स्वच्छ करून आणतात. कृपया सोबत मूळ फोटोही आणा. ही अॅप धूसर चेहऱ्यातले हरवलेले बारकावे परत मिळवत नाहीत, कारण ते फाइलमध्ये नसतातच. इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेलं काहीतरी तिथे भरलं जातं. पापण्या रेखीव होतात, दात एकसारखे होतात, एक डोळा थोडा मिटलेला असेल तर तो उघडतो. चेहरा छान दिसतो, पण आपल्या आजीचा असत नाही. आम्हीही हे साधन वापरतो, पण मूळ चेहऱ्यावर ३० ते ४० टक्क्यांहून जास्त उतरवत नाही आणि डोळे व तोंड शक्यतो मूळ फोटोतलेच ठेवतो. नवा आणि जुना चेहरा एकावर एक ठेवून झटपट चालू-बंद केला की काय सरकलं ते लगेच कळतं. घरी मोबाईलवर दोन फोटो पुढे-मागे सरकवूनही हे तपासता येतं.

पार्श्वभूमी आणि कपडे

पिकलेले केस कापून वेगळे काढणं सर्वात अवघड. बारीक पांढऱ्या केसांत मागच्या भिंतीचा रंग अडकलेला असतो. तो तसाच राहिला तर नव्या पार्श्वभूमीवर डोक्याभोवती निळी किंवा हिरवी किनार दिसते. ती काढून केसांना पुन्हा केसांचा रंग द्यावा लागतो. पार्श्वभूमी आम्ही राखाडी, मातकट तपकिरी किंवा मळकट निळी सुचवतो, मधे किंचित उजळ आणि कडेला गडद. देवळाचा कळस, ढग, सूर्यकिरण हवे असतील तर करून देतो, पण त्यात चेहरा मागे पडतो हे आधीच सांगतो. शेवटी संपूर्ण चित्रावर २-३ टक्के एकरंगी दाणा (बारीक ठिपक्यांचा पोत) टाकला की चेहरा आणि पार्श्वभूमी एका कॅमेऱ्यातून आल्यासारखी बसते.

आयुष्यभर धोतर-सदरा-टोपीत वावरलेल्या माणसाला कोट-टाय घालण्याचा आग्रह धरू नका, एवढी विनंती आहे. कपडे बदलायचेच असतील तर त्यांच्याच दुसऱ्या फोटोतला सदरा किंवा साडी द्या. कपडे बदलताना घोटाळा मानेवर होतो. मान चेहऱ्यापेक्षा थोडी गडद असते, हनुवटीची सावली तिच्यावर पडते. ती सावली नसेल तर डोकं चिकटवल्यासारखं दिसतं.

सेल्फी किंवा रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा फोटो असेल तर आणखी एक अडचण. मोबाईलची लेन्स रुंद कोनाची असते. हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान लहान येतात, फोटोच्या कडेला चेहरा आडवा ताणला जातो. कडेचा ताण बराचसा दुरुस्त होतो, नाकाचा फारच थोडा. नवा फोटो काढायची संधी असेल तर दीड-दोन मीटर लांब उभं राहून, दुप्पट झूमवर, खिडकीच्या बाजूच्या उजेडात आणि फ्लॅश बंद ठेवून काढा.

पासपोर्ट आणि व्हिसाच्या फोटोंवर आम्ही यातलं काहीही करत नाही. तिथे चेहरा बदललेला चालत नाही आणि अर्ज अडकतो. ते फोटो नव्यानेच काढायचे.

मंजुरी, छपाई, फ्रेम

तेराव्यासाठी किंवा वर्षश्राद्धासाठी तसबीर हवी असेल तर तारीख पहिल्याच दिवशी सांगा. घाईत असाल तर रंग आणि पार्श्वभूमी सुधारलेली ८ गुणिले १० ची प्रत आधी देतो, बारकाईचं काम झालेली मोठी प्रत नंतर.

नमुना आम्ही ४ गुणिले ६ च्या कागदावर छापून दाखवतो. मोबाईलचा पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. पडद्यावर बरोबर वाटलेला चेहरा कागदावर गडद येतो. हा नमुना त्या माणसाच्या रोज सहवासात असलेल्या व्यक्तीला दाखवा आणि फार वेळ बघू नका म्हणावं. पहिल्या क्षणी ‘हो, हेच’ असं आलं नाही तर आमच्याकडे परत आणा. डोळ्यांत, ओठांच्या कोपऱ्यात नाहीतर जबड्याच्या रेषेत काहीतरी सरकलेलं असतं, आणि ते दुरुस्त करायचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

हार घालायचा असेल तर तेही आधी सांगा. झेंडूचा भरगच्च हार फ्रेमच्या दोन्ही कडांवरून उतरतो आणि खांदे झाकतो. चेहरा फार मोठा घेतला तर गालही झाकले जातात. म्हणून १२ गुणिले १८ मध्ये चेहरा ५ इंचांपेक्षा मोठा घेत नाही, दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवतो.

फोटो आणि काच यांच्यामध्ये २ मिलिमीटरचा माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालून घ्या, विशेषतः कोकणात आणि गोव्यात. काच थेट फोटोवर टेकली की दोन-तीन पावसाळ्यांत चिकटते. काचेवर लावलेलं गंध पुसताना ओलं फडकं काचेच्या कडेपर्यंत नेऊ नका. पाणी फ्रेमच्या खाचेत उतरून खालून फोटो भिजवतं आणि तळाशी तपकिरी लाट उमटते. समोरच्या खिडकीतून थेट ऊन येत असेल तर ती भिंत टाळा.

तयार फाइल पेनड्राइव्हवर मिळेल. भावंडांना, पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असलेल्या नातेवाइकांना त्यांच्या घरी छापून घ्यायची असेल तर तीही ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा.