ताळा जुळला, तरी उत्तर चुकलं कसं?
(नववी-दहावीच्या पालकांसाठी)

"घरी ताळा केला होता, जुळतही होता. मग मार्क का कापले?" नववीला दोन चलांतील रेषीय समीकरणं सुरू झाली की क्लासच्या फोनवर हाच प्रश्न येतो, म्हणून एकदा लिहूनच देत आहोत.

हे गणित घ्या:
२क्ष + य = ८
५क्ष − ३य = ९

पहिल्यात य एकटा आहे, तोच वेगळा काढायचा, म्हणजे अपूर्णांक टळतात: य = ८ − २क्ष. ही किंमत दुसऱ्यात ठेवली की ५क्ष − ३(८ − २क्ष) = ९. कंस सोडवला की ५क्ष − २४ + ६क्ष = ९. म्हणून क्ष = ३, य = २.

घाईत मुलं + ६क्ष ऐवजी − ६क्ष लिहितात. मग क्ष = −३३ आणि य = ७४ येतो. आकडे विचित्र वाटतात म्हणून ताळा करतात, पण पहिल्या समीकरणात: −६६ + ७४ = ८. जुळला! जुळणारच हो. य काढला तोच त्या समीकरणातून. क्ष कितीही चुकीचा असला तरी ते जुळतच राहणार. आता दुसऱ्यात घालून पाहा: −१६५ − २२२ = −३८७. नऊ कुठेत? पहिल्यातला ताळा फक्त शेवटची बेरीज-वजाबाकी तपासतो. चिन्हाची चूक पकडायची तर दुसऱ्यातच ताळा हवा.

"सहगुणक (क्ष-य च्या आधीचे आकडे) सारखे करून वजाबाकी केली तर लवकर होतं, मग हे कशाला?" असंही विचारलं जातं. सहगुणक मोठे असले तर आम्हीही तेच करायला सांगतो. पण दहावीत वर्गसमीकरणांवर 'दोन संख्यांची बेरीज १५, गुणाकार ५६' अशी शाब्दिक उदाहरणं येतात. तिथे ती वजाबाकी चालत नाही, एकाची किंमत दुसऱ्यात ठेवावीच लागते. म्हणून आमच्याकडे कंसाची ओळ गाळू देत नाहीत. वह्या लवकर भरतात ही तक्रार मान्य आहे.

रविवारी सकाळी शंका-निरसनाचा तास असतो. क्लासला नसलेल्या मुलांनाही बसता येतं, फी नाही. येताना कच्च्या कामाची वही आणावी. नुसत्या उत्तरावरून चूक सापडत नाही.