पोर्टल हायपरटेन्शन : शस्त्रक्रियेपूर्वी यकृताची पारख

पोर्टल हायपरटेन्शन म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला वाढलेला दाब. त्यावरच्या शंट शस्त्रक्रियेत हे रक्त दुसऱ्या मोठ्या शिरेत वळवतात. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांचा रक्तस्राव त्याने थांबतो. पण यकृताचा रक्तपुरवठा घटतो आणि अमोनिया थेट मेंदूपर्यंत पोहोचू लागतो. सिरॉसिसने (यकृत व्रणांनी कडक होण्याच्या आजाराने) खिळखिळे झालेल्या यकृताला हे झेपेल का, हे आधी पाहावेच लागते.

त्यासाठी गुण देतात. चाइल्ड आणि टरकॉट या डॉक्टरांच्या १९६४च्या वर्गवारीत रुग्णाचे पोषण हा एक निकष होता. १९७३मध्ये पघ आणि सहकाऱ्यांनी त्याजागी प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, घेतला. बिलिरुबिन (कावीळ आणणारे पिवळे द्रव्य), अल्ब्युमिन (यकृतात बनणारे प्रथिन), प्रोथ्रॉम्बिन टाइम, जलोदर (पोटात साठलेले पाणी) आणि मेंदूवरील परिणाम यांना प्रत्येकी १ ते ३ गुण मिळतात. बिलिरुबिन डेसिलिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर १, ३च्या वर असेल तर ३, अल्ब्युमिन ३.५ ग्रॅमच्या वर असेल तर १, २.८च्या खाली गेले तर ३. बेरीज ५–६ म्हणजे ‘ए’, ७–९ ‘बी’, १०–१५ ‘सी’. ‘सी’ गटात नियोजित शंट टाळून यकृत प्रत्यारोपणाचा विचार करतात.

गुण काढणे सोपे, पण ते फसवतातही. प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) चढवल्यावर प्रोथ्रॉम्बिन टाइम सुधारतो, अल्ब्युमिनची बाटली दिल्यावर अल्ब्युमिन वाढते. यकृत मात्र होते तिथेच असते. म्हणून तपासणीचे रक्त त्याआधी घ्यावे. प्रोथ्रॉम्बिन टाइम वाढलेला असेल तर व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम शिरेतून देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे. सुधारला तर दोष व्हिटॅमिनच्या कमतरतेचा, नाहीतर यकृतपेशींचाच. नुकताच रक्तस्राव झालेल्या रुग्णाचे आकडे तात्पुरते बिघडतात; तातडी नसेल तर प्रकृती स्थिरावल्यावर ते पुन्हा घ्यावेत. प्लेटलेट कमी असणे बहुतेकदा वाढलेल्या प्लीहेमुळे असते, त्यावरून यकृताची ताकद जोखू नये.

मेंदूवरचा सौम्य परिणाम सहज निसटतो. रुग्णाला हात पुढे ताणून, मनगटे मागे वळवून धरायला सांगावे. पंजे अधूनमधून फडफडले तर तो दिसतो. दिवसा झोप आणि रात्री जागरण होते का, हे घरच्यांना विचारावे. जलोदर असेल तर थोडे पाणी काढून तपासावे : घन मिलिमीटरमागे २५० किंवा अधिक न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) म्हणजे जंतुसंसर्ग. आधी त्याचे उपचार, शस्त्रक्रिया नंतर.

पघ गुणांत मूत्रपिंड मोजलेच जात नाही. मेल्ड या यकृताच्या दुसऱ्या गुणांकनात बिलिरुबिन आणि आयएनआरसोबत (प्रोथ्रॉम्बिन टाइमवरून काढलेला आकडा) मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन येते. हे गुणांकन मुळात टिप्स या, शिरेतून नळी नेऊन यकृतातच शंट करण्याच्या, प्रक्रियेनंतरचे आयुर्मान वर्तवण्यासाठी तयार झाले. मात्र स्नायू झडलेल्या रुग्णात क्रिएटिनिन फसवे कमी येते.

भारतात मुलांमध्ये पोर्टल शिराच गुठळीने बंद झालेली बऱ्याचदा आढळते. तिथे यकृत सहसा धडधाकट असते, त्यामुळे शंट चांगला सोसतो. प्रश्न उरतो तो जोडायला योग्य शीर मिळण्याचा, आणि त्यासाठी डॉप्लर व सीटी अँजिओग्राफी करतात.