मोठी एसयूव्ही घरच्या घरी खाली घेताना
(लोअरिंग किटच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार. गाडीची उंची कमी करणाऱ्या या किटच्या खोक्यात पुढच्या दोन स्प्रिंगा, मागच्या दोन स्प्रिंगा, मागच्या शॉक ॲब्सॉर्बरसाठी (पुढे नुसतं शॉक) दोन ब्रॅकेट, चार आखूड बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबली की टेकणारे रबरी ठोकळे) आणि नटबोल्टची पुडी आहे. मोजून घ्या. काही कमी असेल तर गाडी उचलण्याआधी आम्हाला कळवा. गाडी स्टँडवर आणि पुडीत एक नट कमी, अशा अवस्थेत माणूस जुनाच नट पुन्हा लावून मोकळा होतो.

हे किट शिडीसारखी चॅसी, पुढे दोन आर्ममधली (चाक धरणाऱ्या दांड्यांमधली) कॉइलओव्हर स्ट्रट, म्हणजे शॉक आणि त्याभोवतीची स्प्रिंग एकत्र, आणि मागे अखंड ॲक्सलवर कॉइल स्प्रिंग अशा रचनेच्या मोठ्या एसयूव्हीसाठी आहे. मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन असेल, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होत असतील, तर ते बसणार नाही. फोर्ड एक्स्पिडिशनला 2003 च्या आणि शेवरोले टाहोला 2021 च्या मॉडेलपासून मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन येतं, त्यामुळे नुसत्या गाडीच्या नावावर जाऊ नका. गाडीखाली वाकून पाहा. एअर सस्पेन्शनच्या गाडीलाही हे किट चालत नाही. शॉकला वायर जात असेल, म्हणजे तो इलेक्ट्रॉनिक असेल, तर आधी आमच्याशी बोला.

खोक्यावर 2/3 लिहिलं आहे. पुढून 2 इंच आणि मागून 3 इंच, म्हणजे साधारण 50 आणि 75 मिमी. मागचा आकडा मोठा असण्याचं कारण आहे. मोठ्या एसयूव्ही कारखान्यातूनच मागे जरा उंच येतात. पाठीमागे माणसं बसली, सामान भरलं, ट्रेलर जोडला की मागचा भाग दबतो आणि गाडी सपाट होते. किट बसवल्यावर ही मागची चढण कमी होते, आणि थोडी उरते ती आम्ही मुद्दाम ठेवली आहे. मोकळी गाडी अगदी सपाट दिसावी म्हणून मागून 4 इंच घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. आमचं उत्तर नेहमी नाही असंच असतं. तेवढं खाली घेतलं की भरलेली गाडी मागे बसते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, आणि कित्येक गाड्यांत ॲक्सल फ्रेमला आपटू नये म्हणून फ्रेमला खाच पाडून वरून मजबुती जोडावी लागते. ते काम घरच्या अंगणात करण्यासारखं नाही.

मूळ स्प्रिंगच कापून किंवा गॅसने तापवून गाडी खाली घेता येते, असंही कोणी सांगेल. तापवलेल्या स्प्रिंगचं पाणी उतरतं आणि ती हळूहळू बसतच जाते. कापलेल्या स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसत नाही. यातलं काहीही करू नका.

आधी मापं

एकही नट सैल करण्याआधी गाडी सपाट जमिनीवर उभी करा, चारही टायरमध्ये नेहमीची हवा असू द्या आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरची झीज आणि हवा त्या मापात शिरते. ही चार मापं पुढे दोनदा लागणार आहेत. डावी-उजवीकडे आताच 10 मिमी फरक असेल आणि तो नव्या स्प्रिंगनेही राहिला, तर त्याचं कारण स्प्रिंगमध्ये नसून बुशमध्ये (सांध्यांतल्या रबरी नळ्यांमध्ये) किंवा चॅसीत असू शकतं.

आदल्या दिवशी सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पहिल्यांदाच करत असाल तर दोन दिवस मोकळे ठेवा आणि मदतीला एक माणूस घ्या. मदत करणाऱ्याला काही येत नसलं तरी हरकत नाही. जॅक हळू सोडणं आणि ब्रेकच्या नळीवर डोळा ठेवणं एवढंच त्याचं काम.

गाडी उचलताना

अशी गाडी सहज अडीच टनांची असते. टायर बदलायला गाडीसोबत जो जॅक येतो, त्याच्यावर हे काम करू नका. हायड्रॉलिक जॅक घ्या, चार स्टँड घ्या, आणि स्टँडवर लिहिलेली क्षमता एकाची आहे की जोडीची हे नीट वाचा. जमीन पक्क्या काँक्रीटची हवी. उन्हात डांबर मऊ होतं आणि स्टँडचे पाय रुततात. स्टँड फ्रेमखाली लावा, जमिनीवरच्या चाकांना अडण लावा, मग गाडी हाताने जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा लावा. काढलेली चाकं फ्रेमखाली आडवी सरकवून ठेवा. गाडी घसरलीच तर तेवढी जागा शिल्लक राहते.

मागची बाजू आधी करा. ती सोपी आहे आणि हात बसतो. ॲक्सलखाली जॅक लावून आधार द्या. डिफरन्शियलच्या पत्र्याच्या झाकणावर मात्र जॅक टेकवू नका. शॉकचे खालचे बोल्ट, अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक आणि पॅनहार्ड रॉडचं (ॲक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याचं) एक टोक सोडवा. मग जॅक हळूहळू खाली आणा, स्प्रिंग सैल होऊन हातात येते. इथे घाई केली तर स्प्रिंगच्या आधी ब्रेकची नळी ताणली जाते. तिच्यासोबत चाकाच्या सेन्सरची वायर आणि ॲक्सलची हवा जाण्याची नळीही असते. तिन्हींच्या पकडी आधीच सोडून ठेवा. नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक बैठकीतल्या खोबणीत नीट टेकलं पाहिजे, आणि रबरी गादी विसरू नका.

शॉकची खालची जागा आमच्या ब्रॅकेटने खाली सरकते. गाडी खाली आली की शॉक तेवढाच आत दबलेला राहतो. ब्रॅकेट नसेल तर मोठ्या खड्ड्यात तो तळाला लागून फुटतो. बंप स्टॉपचंही तेच, जुने उंच ठेवले तर गाडी सतत त्यांच्यावरच आपटत राहील.

पॅनहार्ड रॉडबद्दल बरीच भीती घातली जाते, म्हणून हिशेब सांगतो. हा रॉड ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाही, पण एका टोकाभोवती तो कमानीत फिरतो, त्यामुळे उंची बदलली की ॲक्सल किंचित बाजूला जातो. 900 मिमीचा रॉड आधी आडवा असेल आणि गाडी 75 मिमी खाली आली, तर सरक साधारण 3 मिमी होते. डोळ्याला ती दिसतही नाही. मागची चाकं दोन्ही बाजूंना मोजून फरक 8-10 मिमीच्या वर गेला तरच लांबी बदलता येणारा रॉड घ्या.

पुढची बाजू

इथे आम्ही स्पष्टच सांगतो. स्ट्रटवरची स्प्रिंग दाबण्याचं काम आधी कधी केलं नसेल तर ते घरी करू नका. स्ट्रट गाडीतून काढा, नव्या स्प्रिंगसह गॅरेजमध्ये न्या आणि भिंतीवरच्या कंप्रेसरवर बदलून आणा. इतक्या जड गाडीची स्प्रिंग हातातल्या दोन हुकांच्या कंप्रेसरवरून निसटली तर ती माणसाला मारू शकते. तरी घरीच करणार असाल तर हुक एकमेकांच्या बरोबर समोर लावा, दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या आवळा, एअर गन वापरू नका, आणि स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल फिरेपर्यंत वरचा नट सोडू नका. तोंड कधीही स्ट्रटच्या रेषेत ठेवू नका. आणि एकत्र असलेल्या स्ट्रटवर वरच्या प्लेटचे बोल्ट खालच्या टोकाशी कोणत्या कोनात आहेत, हे रंगाच्या पेनाने खूण करून ठेवा. नाहीतर बसवताना अर्धा तास नुसता फिरवण्यात जातो.

स्ट्रट बाहेर काढायला वरचा बॉल जॉइंट आणि टाय रॉडचं (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं) टोक सोडवावं लागतं. दुशाखी पाचर ठोकू नका, रबर फाटतं. नट काही आट्यांवर तसाच ठेवून नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या जड भागाच्या) कानावर हातोड्याने ठोका. सांधा सुटला तरी नट त्याला धरून ठेवतो. ब्रेक कॅलिपर तारेने फ्रेमला टांगा, नळीवर लोंबकळू देऊ नका. चार चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर नकल फार बाहेर झुकू देऊ नका, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा आतल्या आत निसटतो.

बुशचे बोल्ट: हे दोनदा वाचा

आमच्याकडे परत येणाऱ्या तक्रारींत एक तक्रार नेहमी सारखी असते. "किट बसवलं, पण गाडी सांगितल्याइतकी खाली आलीच नाही." काही महिन्यांनी त्याच गाडीचे बुश फाटलेले दिसतात. स्प्रिंगमध्ये काही दोष नसतो. बोल्ट गाडी हवेत असताना आवळलेले असतात.

आर्मच्या मुळाशी असलेल्या बुशमध्ये रबर दोन लोखंडी नळ्यांना चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी चॅसीला घट्ट होते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो रबर पिळून. म्हणून बोल्ट ज्या उंचीवर आवळाल, ती रबराची विश्रांतीची जागा ठरते. चाक खाली लोंबत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेलं राहतं, आर्मला खाली ढकलून गाडी उचलून धरतं, आणि चालवण्याच्या प्रत्येक मिनिटाला थोडं थोडं फाटत जातं.

आणि जे बोल्ट तुम्ही सोडलेच नाहीत, तेही जुन्या उंचीवर आवळलेले आहेत. आमचा आग्रह असा की पुढचे खालचे-वरचे आर्म आणि मागच्या सगळ्या लिंकचे बोल्ट थोडे सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळावेत. बऱ्याच गाड्यांत पुढच्या खालच्या आर्मला विकेंद्री चकत्यांचे, म्हणजे मध्याबाहेर भोक असलेल्या चकत्यांचे, बोल्ट असतात. त्यांचीच जागा हलवून कँबर (चाकाचा आत-बाहेर कल) लावतात. सैल करण्याआधी त्यांच्या जागेवर खूण करा.

पद्धत अशी: बोल्ट हाताने अलगद लावा, चाकं बसवा, चारही चाकांखाली जाड लाकडी ठोकळे ठेवून गाडी त्यांच्यावर उतरवा, म्हणजे खाली शिरायला जागा राहते. गाडी चारी कोपऱ्यांवर दाबून सोडा. मडगार्डची मापं घ्या. पुढे सुमारे 50 आणि मागे सुमारे 75 मिमी कमी आली की मगच टॉर्क पान्याने आवळा. ठोकळे तळाशी रुंद आणि एकसंध असू द्या. विटा चालणार नाहीत. एका बाजूच्या आर्मखाली जॅक लावून उंची आणायचा प्रयत्न करू नका, त्यात फ्रेम स्टँडवरून उठते.

टॉर्कचे आकडे आम्ही इथे देत नाही. ते तुमच्या मॉडेलच्या कारखान्याच्या पुस्तकातून घ्या. एकदाच वापरायचे बोल्टही त्यातच कळतात. ते नवे घ्या.

काम झाल्यावर

गाडी 80 ते 100 किमी चालली की सगळे बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा पान्याने तपासा. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये आणखी थोड्या बसतात. अलाइनमेंट मात्र तेवढं थांबू शकत नाही. गाडी खाली आली की पुढची चाकं वरून आत झुकतात आणि टो (चाकं पुढच्या बाजूने किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) बदलतो. झुकल्यापेक्षा टो बिघडल्याने टायर जास्त वेगाने खराब होतं. म्हणून पहिल्या दिवशीच टो सरळ करून घ्या आणि 500 किमीनंतर पूर्ण अलाइनमेंट करा.

हेडलाइट पुन्हा लावून घ्या. उंचीचे सेन्सर असतील तर त्यांच्या छोट्या लिंक जुळवाव्या लागतात, आणि पुढच्या काचेमागे कॅमेरा किंवा बंपरमध्ये रडार असेल तर त्याचं कॅलिब्रेशन करून घ्या. ती यंत्रणा गाडीची मूळ उंची धरून रस्ता बघते. नोंदणीचे नियम आणि विमा कंपनीची अट काम सुरू करण्याआधी विचारून ठेवलेली बरी.

गाडी खाली आल्याने तिची वजन उचलण्याची क्षमता वाढत नाही. स्प्रिंगला दबायला जागा मात्र कमी राहते. जड ट्रेलर नेहमी ओढणाऱ्याला आम्ही हे किट विकत नाही. तुमचा वापर तसा असेल तर न वापरलेलं किट परत पाठवा.

उंचीबद्दल शंका आली तर फोटोऐवजी चारही चाकांची आधीची आणि नंतरची मापं पाठवा, आणि बुशचे बोल्ट कोणत्या अवस्थेत आवळले तेही लिहा.