जिम्नी उचलली, आता अलाइनमेंट केली की झालं?

जिम्नीला (मारुतीची छोटी ऑफ-रोड गाडी) दोन इंचांचं लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणारे भाग, बसवलं, स्टिअरिंग हलकं लागतंय, हायवेला गाडी भरकटतेय. यावर ठरलेला सल्ला: ‘अलाइनमेंट करून घे.’ वर्षानुवर्षं फिरणारा हा समज अर्धाच खरा आहे.

जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सल सलग आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या सांगाड्यावर. अलाइनमेंटच्या मशीनवर त्याचा फक्त टो (चाकांची पुढची बाजू किती आत-बाहेर वळली आहे ते) फिरवता येतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कल) कंपनीतूनच पक्के असतात. बॉडी वर गेली की रेडियस आर्म (अ‍ॅक्सल चेसिसला जोडणारे दांडे) खाली झुकतात, अ‍ॅक्सल थोडा गोल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होतं ते कॅस्टरमुळे. तोच गेला, तर टो दहादा लावा, काय फरक पडणार? मशीनवाला मात्र दरवेळी पैसे घेईल.

इलाज आहे कॅस्टर करेक्शन बुश (आर्मच्या सांध्यातले, कॅस्टर परत आणणारे रबरी तुकडे) किंवा बदललेले रेडियस आर्म. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच कसायचे; जॅकवर कसले तर रबर पिळून लवकर फाटतं.

अ‍ॅक्सल एका बाजूला सरकलाय? तो पॅनहार्ड रॉडचा (अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवणारा दांडा) प्रताप, त्याला लांबी बदलता येणारा रॉड लागतो. टो सगळ्यात शेवटी.