मजुरीत भर, पण कोणाच्या खिशात?

‘घरबसल्या पैसे मिळाले की कामाला कोण येणार?’ ही तक्रार गावच्या पारावर ऐकू येते तशीच युरोपातल्या संसदांतही ऐकू आलेली आहे. तिचं वय सव्वादोनशे वर्षांहून कमी नाही.

६ मे १७९५ रोजी इंग्लंडमधल्या बर्कशायर परगण्याचे दंडाधिकारी स्पीनहॅमलंडच्या पेलिकन सराईत जमले. धान्य महागलं होतं, फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि शेतमजुरांची उपासमार होत होती. त्यांनी एक तक्ता ठरवला. साधारण चार किलोचा पाव एक शिलिंगला मिळत असेल, तर मजुराला आठवड्याला तीन शिलिंग आणि बायको-पोरांसाठी माणशी दीड शिलिंग मिळायलाच हवेत. पाव महागला की रक्कमही वाढणार. मजुरी तेवढी भरत नसेल, तर उरलेलं गरिबांसाठीच्या गावच्या करातून द्यायचं. यातली मेख शेतमालकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. आपण मजुरी कमी दिली तरी फरक गाव भरणारच आहे! बोल मात्र मजुरांना लागला, मदतीने ते आळशी झाले असा. १८३४च्या कायद्याने धडधाकट गरिबांसाठी ‘वर्कहाउस’, म्हणजे मदतीच्या बदल्यात राहून राबायचं आश्रयगृह, पुढे केलं. आतलं जगणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही हलाखीचं असावं, हे त्याचं उघड तत्त्व. नवराबायकोलाही तिथे वेगळं ठेवत. आळशीपणाचा हा निष्कर्ष आधी ठरवून मग पुरावे गोळा केले होते, असं पुढे अनेक इतिहासकारांनी दाखवलं.

जर्मनीत बिस्मार्कने १८८३ ते १८८९ दरम्यान आजारपण, अपघात आणि वृद्धापकाळाचा विमा आणला. त्यामागे कनवाळूपणापेक्षा समाजवाद्यांची हवा काढून घेण्याचा डाव अधिक होता. ब्रिटनने १९११ मध्ये काही धंद्यांतल्या कामगारांना बेकारीचा विमा दिला.

खरं वळण स्वीडनमध्ये आलं. १९५१च्या सुमारास गोस्ता रेन आणि रुडॉल्फ मायडनर या कामगार महासंघाच्या अर्थतज्ज्ञांनी सांगितलं की डबघाईचे कारखाने बंद पडू द्या, पण तिथल्या माणसांना नवं काम शिकवायला पैसा घाला. डेन्मार्क १९९०च्या दशकात याच वाटेने गेला. तिथे कामावरून काढणं सोपं, भत्ता भरघोस. पण भत्त्याची मुदत टप्प्याटप्प्याने कमी केलेली आणि प्रशिक्षण सक्तीचं.

जर्मनीने २००५ मध्ये दीर्घकालीन बेकारांचा भत्ता आणि सामाजिक मदत एकत्र करून अटी कडक केल्या. पुढे बेकारी घटली. त्याचं श्रेय या सुधारणेला किती, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. कमी पगाराच्या नोकऱ्यांचा प्रश्न मात्र राहिलाच आणि २०१५ मध्ये देशभर ताशी साडेआठ युरो किमान वेतन लावावं लागलं. अमेरिकेत १९७५ पासून कमी कमाईच्या कुटुंबांना करातून परतावा मिळतो. त्याने एकट्या आया मोठ्या संख्येने नोकरीत आल्या, पण परताव्याचा काही वाटा कमी पगाराच्या रूपाने मालकाकडे जातो, अशी शंका तिथेही आहेच. पेलिकन सराईतला हिशेब काही संपत नाही.

महाराष्ट्राने गणित उलटं मांडलं. मजुरीत भर घालायची नाही, कामच द्यायचं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यात अशा रोजगार हमीचा प्रयोग झाला होता. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला लाखो माणसं उतरली; सुकडी आणि मिलो (आयात ज्वारी) खाऊन दिवस काढलेली पिढी अजून आहे. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आजही अनेकांच्या पगारातून दरमहा कापले जाणारे व्यवसाय कराचे २०० रुपये मुळात याच कामासाठी सुरू झाले. ग्रामीण रोजगार हमीच्या २००५च्या केंद्रीय कायद्याला नमुना मिळाला तो इथूनच.

रोजगार हमी योजनेमुळे (रोहयो) शेतीला मजूर मिळत नाहीत, असं बागायतदार सांगतात. जुन्या भावात मिळत नाहीत, एवढं त्यात जोडायला हवं. अविभाजित आंध्र प्रदेशात केंद्राच्या या हमीची मजुरी स्मार्टकार्डावरून वेळेवर पोचू लागली, तेव्हा तिथल्या मोठ्या अभ्यासात कुटुंबांची कमाई वाढलेली दिसली. ती वाढ मुख्यतः सरकारी कामातून नव्हे, खासगी मजुरीतून आली होती, आणि खासगी कामाचे दिवस काही घटले नव्हते.