शंभरातली साठ घरं

28 फेब्रुवारी 1983 च्या सोमवारी रात्री अमेरिकेत सीबीएसवर ‘मॅश’ मालिकेचा शेवटचा, अडीच तासांचा भाग लागला. त्याचं रेटिंग आलं 60.2 आणि शेअर 77. हे दोन आकडे नेहमी जोडीनं छापले जातात आणि वाचणारा हमखास गोंधळतो.

टीव्ही असलेली शंभर घरं घ्या. त्या रात्री त्यांतल्या 78 घरांत टीव्ही चालू होता, 22 घरांत बंद. चालू असलेल्या 78 पैकी 60 घरांत ‘मॅश’ लागलं होतं. साठ भागिले शंभर हे रेटिंग. साठ भागिले अठ्ठ्याहत्तर हा शेअर. रेटिंगच्या छेदात बंद टीव्हीसुद्धा धरतात, शेअरच्या छेदात धरत नाहीत. त्यामुळे मध्यरात्री दोनच्या कार्यक्रमाचा शेअर तगडा असू शकतो आणि रेटिंग नगण्य. सत्तरच्या दशकात सीबीएस, एनबीसी आणि एबीसी ही तीनच नेटवर्क असताना 30 शेअर ही तग धरण्याची रेषा मानली जायची. तिघांत वाटणी म्हणजे प्रत्येकी साधारण तेहेतीस. तिशीच्या खाली घसरलेली मालिका बहुधा पुढच्या हंगामात दिसायची नाही. आपला टीआरपी हाही असाच भागाकार आहे. फक्त भारतात टीव्ही-प्रेक्षक मोजणारी संस्था बार्क प्रामुख्यानं घरांऐवजी दोन वर्षांपुढची माणसं मोजतं.

आता घसरण. 1952-53 च्या हंगामात पहिल्या क्रमांकावरच्या ‘आय लव्ह लुसी’चं सरासरी रेटिंग 67.3 होतं. 1986-87 मध्ये ‘द कॉस्बी शो’ 34.9 वर पहिला आला, 1997-98 मध्ये ‘साइनफेल्ड’ 22.0 वर. पण लुसीच्या वेळी अमेरिकेत टीव्ही असलेली घरं होती सुमारे 2 कोटी 4 लाख. त्यांचे 67.3 टक्के म्हणजे 1 कोटी 37 लाख. कॉस्बीच्या वेळी घरं 8 कोटी 74 लाख, त्यांचे 34.9 टक्के म्हणजे 3 कोटी 5 लाख. रेटिंग जवळपास निम्म्यावर आलं आणि प्रेक्षक-घरं दुपटीहून जास्त झाली! ‘साइनफेल्ड’पर्यंत मात्र खरी घट सुरू झाली होती: 9 कोटी 80 लाख घरांपैकी 2 कोटी 16 लाख. दोन काळांतली रेटिंगं शेजारी मांडून ‘लोकांनी टीव्ही सोडला’ म्हणणाऱ्यानं आधी छेद बघावा. लोकांनी नव्वदच्या दशकात टीव्ही सोडलेला नव्हताच. घरटी रोजचं टीव्ही पाहणं 2009-10 पर्यंत वाढतच गेलं आणि जवळपास नऊ तासांवर पोचलं. तुकडे पडले ते नेटवर्कच्या वाट्याचे. केबल आली, 1986 मध्ये फॉक्स हे चौथं नेटवर्क आलं, हातात रिमोट आला आणि न उठता चॅनेल बदलता येऊ लागला.

आकडे मोजणारं यंत्रही या काळात बदलत गेलं, आणि त्याचा हिशेब सहसा कुणी धरत नाही. नील्सन कंपनीचं जुनं ऑडिमीटर टीव्हीला जोडलेलं असे आणि कोणतं स्टेशन किती वेळ लागलं ते फिल्मच्या रिळावर उमटवत असे. रीळ पोस्टानं पाठवायचं. नवं रीळ बसवलं की यंत्रातून पंचवीस सेंटची दोन नाणी बाहेर पडत, तेवढंच घरच्यांना बक्षीस. टीव्हीसमोर माणूस आहे की रिकामी खुर्ची, हे त्याला कळायचं नाही. त्यासाठी दुसऱ्या घरांना डायऱ्या दिल्या जात. लोक रोज लिहीत नसत. आठवडा संपताना आठवून भरत. आठवतं ते गाजलेलं, त्यामुळे नावाजलेल्या मालिकांना आयती पानं मिळायची आणि छोट्या चॅनेलवर सहज पाहिलेला अर्धा तास नोंदीत यायचाच नाही.

1987 मध्ये पीपल मीटर आलं. त्यात घरातल्या प्रत्येकाचं एक बटण; बसताना दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. नेटवर्कचे आकडे उतरले आणि त्यांनी मीटरलाच दोष दिला. तक्रार अगदीच खोटी नव्हती. बटणाचा कंटाळा येतो, आणि सर्वांत आधी लहान मुलांना. पुढच्या मीटरना चॅनेल ओळखायला आवाजातला छुपा संकेत मिळू लागला: प्रसारणाआधी आवाजात अशा बारीक खुणा मिसळतात, की शेजारच्या मोठ्या स्वरांखाली त्या दबतात, कानाला कळत नाहीत, पण मीटर वाचतं. भारतात बार्कची मीटरं याच तत्त्वावर चालतात.

नमुन्याचं गणित त्याहून अवघड. सत्तरच्या दशकात साऱ्या अमेरिकेसाठी सुमारे 1,200 घरांत मीटर होती. रेटिंग 20 असेल, तर इतक्या नमुन्यात वर-खाली 2.3 अंकांची चूक संभवते, म्हणजे त्या वेळच्या पंधरा-सोळा लाख घरांची. तरी वीस आणि अठरा यांतल्या फरकावर कुणाची तरी मालिका बंद व्हायची. रेटिंग 1 असेल, तर 1,200 पैकी फक्त बारा घरं! त्यांतली सहा गावाला गेली, की चॅनेल अर्धा बुडाला. प्रेक्षक जितका विखुरतो तितका नमुना मोठा लागतो. म्हणूनच नील्सनचं राष्ट्रीय पॅनेल वाढत सुमारे 42,000 घरांवर गेलं. कोविडमध्ये त्यालाही फटका बसला. तंत्रज्ञ घरात जाऊ शकेनात, बिघडलेली मीटरं तशीच राहिली आणि पाहणं प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदलं गेलं. सप्टेंबर 2021 मध्ये मोजमापावर देखरेख करणाऱ्या मीडिया रेटिंग कौन्सिलनं या आकड्यांची मान्यता स्थगित केली. ती परत मिळायला एप्रिल 2023 उजाडलं.

प्राइमटाइम म्हणजे पूर्व किनाऱ्यावर रात्री आठ ते अकरा. त्यातला दहाचा तास नाजूक असतो, कारण अकराला स्थानिक स्टेशनांच्या बातम्या लागतात आणि त्यांना प्रेक्षक दहाच्या कार्यक्रमाकडून आयते मिळतात. सप्टेंबर 2009 मध्ये एनबीसीनं या तासाला महागड्या मालिकांऐवजी आठवड्याचे पाच दिवस जे लेनोचा गप्पांचा कार्यक्रम लावला. नेटवर्कला तो स्वस्त पडत होता. पण अकराच्या बातम्यांचा प्रेक्षक आटला, नेटवर्कचे कार्यक्रम दाखवणारी ही संलग्न स्टेशनं बिथरली आणि फेब्रुवारी 2010 मध्ये कार्यक्रम गुंडाळावा लागला. एबीसीची चूक उलट्या जातीची होती. ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर’ चाललं म्हणून ते आठवड्यातून चार-चार रात्री लावलं आणि 2002 पर्यंत प्राइमटाइममधून ते गेलंही. याच साच्यावरचं ‘कौन बनेगा करोडपती’ 3 जुलै 2000 ला स्टार प्लसवर आलं; पुढे 2013 मध्ये ई टीव्ही मराठीवर ‘कोण होईल मराठी करोडपती’.

आज एखादी गोष्ट त्याच क्षणी पाहण्यात अर्थ उरलाय तो मुख्यतः खेळांत. 2023 मध्ये अमेरिकेतल्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या शंभर प्रसारणांपैकी 93 अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलची होती. मालिका लोक सवडीनं बघतात, म्हणून 2007 पासून जाहिरातींचा हिशेब प्रसारणानंतरचे तीन दिवस धरून होऊ लागला. मे 2025 मध्ये टीव्हीच्या पडद्यावरच्या एकूण वेळात स्ट्रीमिंगचा वाटा 44.8 टक्के झाला, नेटवर्कचे 20.1 आणि केबलचे 24.1 मिळूनही त्याला गाठू शकले नाहीत.

त्याच वर्षाच्या शरद हंगामापासून नील्सननं पॅनेलच्या जोडीला साडेचार कोटी घरांतल्या सेट-टॉप बॉक्स आणि स्मार्ट टीव्हींची माहिती घेतली. नमुन्याचं दुखणं संपलं असं वाटेल. पण टीव्ही बंद केला तरी बॉक्स चालूच राहतो आणि पाहणं नोंदवत बसतो. सोफ्यावर आजी आहे, नातू आहे की कुणीच नाही, हे तर त्याला कळतच नाही. ते कळण्यासाठी अजूनही पॅनेलमधल्या हजारो घरांत कुणीतरी उठताना बटण दाबावं लागतं.