आहारानुसार प्राण्यांचे वर्गीकरण

प्राणी काय खातो आणि त्याचे पोट काय पचवू शकते, यावरून केलेली गटवारी. तृणभक्षी, मांसभक्षी आणि मिश्राहारी हे तीन गट शाळेत शिकवले जातात. कीटकभक्षी, फलाहारी, धान्यभक्षी आणि मृतभक्षी हे त्यांचेच बारीक भाग होत. ही गटवारी जीवशास्त्रीय कुळांशी जुळेलच असे नाही. सातपुड्यातले अस्वल शरीररचनेने वाघ-कुत्र्यांच्या गणातले, पण जगते वाळवी, मुंग्या, मध, बोरे आणि मोहाच्या फुलांवर. त्याचे वरचे मधले दोन पुढचे दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते. वयानेही गट बदलतो : चिमणी दाणे टिपते, पिलांना मात्र अळ्या भरवते.

ओळखीची पहिली खूण म्हणजे दात. गाय-म्हशीला ३२ दात असतात, पण वरच्या जबड्यात पुढचे दात नसून कडक हिरडी असते. मांजराला ३० आणि कुत्र्याला ४२ दात. दोघांचे सुळे लांब आणि दाढा कात्रीसारख्या. दुसरी खूण आतड्याची. गुरांचे आतडे शरीराच्या लांबीच्या सुमारे वीसपट, तर मांजराचे चौपटीच्या आसपास भरते. गवतातला सेल्युलोज कोणत्याच सस्तन प्राण्याला स्वतःच्या पाचकरसांनी पचत नाही. ते काम पोटातले सूक्ष्मजीव करतात. म्हणून तृणभक्षी जनावराला चारा घालणे म्हणजे आधी त्या सूक्ष्मजीवांना पोसणे होय.

रवंथ करणाऱ्या ढोरांत हे काम कोटीपोटात, म्हणजे चार पोटांपैकी पहिल्या व सर्वांत मोठ्या पोटात चालते. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरहून अधिक माल मावतो. त्यापुढे जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पाचकरस असलेले चौथे पोट. खान्देशातल्या गोठ्यांत होणाऱ्या बऱ्याच चुका ही रचना विसरल्याने होतात. लग्नातला उरलेला भात, पोळ्या किंवा पाटीभर ज्वारी एकदम घातली की कोटीपोटात लॅक्टिक आम्ल वाढते, सामू (आम्लतेचे माप, जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.५ च्या खाली जातो आणि तंतू पचवणारे जंतू मरतात. रवंथ थांबते, शेण पातळ व आंबट वासाचे होते, जनावर बसून राहते. म्हणून खुराक वाढवायचा तो १० ते १५ दिवसांत, थोडा थोडा. कडब्याची कुट्टी दोन-तीन सेंटिमीटरची ठेवावी. फार बारीक केली तर रवंथ आणि लाळ कमी होते, आणि लाळेतला सोडाच पोटातले आम्ल मारतो.

कापसाच्या या पट्ट्यात सरकी आणि सरकीची ढेप हा नित्याचा खुराक. सरकीतले गॉसिपॉल हे विषारी पिवळे द्रव्य मोठ्या ढोरांच्या कोटीपोटात प्रथिनांशी बांधले जाते, म्हणून बेताच्या मात्रेत ते त्यांना बाधत नाही. कोंबड्या, डुकरे आणि तीन-चार महिन्यांखालची वासरे यांना हे संरक्षण नसते. वासराचे कोटीपोट अजून तयार झालेले नसते आणि दूध थेट चौथ्या पोटात जाते. गाईचे पोर असले तरी पचनाने ते तृणभक्षी नव्हे. कोंबडीला सरकी दिली तर अंड्याचा बलक हिरवट पडतो.

पावसाने ओढ दिल्यावर खुरटलेली, गुडघ्याखालची ज्वारी आणि कापणीनंतरचे कोवळे फुटवे यांत हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष तयार होते. उपाशी ढोर अशा शेतात शिरले तर तासाभरातही दगावू शकते. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका राहत नाही. रावेर-यावलकडे टंचाईत केळीचे खांब चिरून घालतात. त्यांत बहुतांश पाणी असते आणि प्रथिने नगण्य, म्हणून ते पोट भरतात, पोसत नाहीत. शेळी मुख्यतः झुडपांचा पाला ओरबाडते आणि मेंढी जमिनीलगतचे गवत चरते, त्यामुळे एकाच माळावर दोघींचे भागते.

घोडाही तृणभक्षी, पण रवंथ न करणारा. तंतू त्याच्या आंधळ्या आतड्यात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची बंद पिशवी) व मोठ्या आतड्यात कुजतात. जठर मात्र लहान, ८ ते १५ लिटरचे. त्याला ओकताही येत नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याला भरणाऱ्या घोड्यांच्या यात्रेतून घोडा घरी आणल्यावर हौसेने पोटभर हरभरा चारला, तर पोटशूळ उठण्याची भीती असते. एका वेळी दोन किलोहून जास्त दाणा नको, चारा मात्र सतत पुढे हवा.

मांजर अस्सल मांसभक्षी. गाजरातल्या कॅरोटीनपासून त्याला जीवनसत्त्व अ बनवता येत नाही आणि टॉरिन हे जरुरीचे पोषकद्रव्यही मांसातूनच मिळवावे लागते. ते उंदीर मारते म्हणून नुसत्या दूध-भाकरीवर टिकल्यासारखे दिसते. कुत्र्याला मात्र पिष्ट बऱ्यापैकी पचते.

मृतभक्ष्यांत गिधाडाचे जठर सर्वांत आम्लधर्मी प्राण्यांपैकी. कुजके मांस त्याला बाधत नाही. ढोरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मात्र मेलेल्या जनावरातून पोटात गेले की त्याची मूत्रपिंडे निकामी करते. भारतात २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडे घटली तिथे उघड्यावर टाकलेली ढोरे भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आली.

रानात प्राणी न दिसताही गट ओळखता येतो. विष्ठा भिजवून बारीक चाळणीत धुवावी. केस आणि हाडांचे तुकडे निघाले तर मांसभक्षी. केसांबरोबर बोराच्या आठळ्या निघाल्या तर बहुधा कोल्हा. गव्हाणी घुबड न पचलेली हाडे व केस गोळी करून तोंडावाटे टाकते. अशी गोळी कोमट पाण्यात सोडवली की उंदरांच्या कवट्या सरळ मोजता येतात.